खचलेली शिरोरेघ

सोमवार, ३
नव्या मॉनिटरविरुद्ध गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. सत्तावीस इंच, व्हीए पॅनेल, आणि पोथीच्या स्कॅनवर प्रत्येक ओळीची शिरोरेघ नेमकी मध्ये खचते. अक्षरं झोळीत बसवल्यासारखी. तीस वर्षं पोथ्या वाचतोय, इतका अनादर वाळवीनेही केला नव्हता.
वैदेही चहा ठेवताना : "अहो, मान वाकडी करून काय बघताय? अगदी अप्पांसारखे."
माझे वडील शेवटी शेवटी पेपर तिरका धरून वाचत. म्हटलं, पॅनेलचा दोष आहे.

बुधवार, ५
जयनगर. मंजुनाथ काम करतो त्या दुकानात मॉनिटर परत. त्याला पॅनेलांची लक्षणं सांगितली (कालच वाचलेली) : टीएन समोरून सज्जन, बाजूला सरकलं की रंग बदलतो. व्हीए काळा गडद दाखवतो, पण ओळी सरकवल्या की मागे सावली ओढतो. आयपीएस कुठूनही पाहा, तोच. काळा मात्र जरा राखाडी. वीस वर्षं हेच विकणारा माणूस "सरी सर, सरी सर" (बरोबर सर) असं कन्नडमध्ये म्हणत ऐकत राहिला.
आयपीएस घेऊन आलो.

शनिवार, ८
आयपीएसही खचतो. शिवाय मध्ये एक मळकट ठिपका. पुसला. गेला नाही.
दुकानाच्या ऑनलाइन पानावर तीन परिच्छेदांचा अभिप्राय लिहिला, एक तारा. 'ग्राहकवंचना' हा शब्द घातला. वैदेहीला वाचून दाखवला. स्वतःवर खूष.

सोमवार, १०
मंजुनाथचा फोन. "सर, एकदा या. मालक मला विचारतायत."
तिन्ही जातींचे मॉनिटर ओळीत मांडून ठेवलेले, तिन्हींवर मी दिलेलं पोथीचं पान. तिन्ही खचले. मी बघेन तिथेच खचायचे. घाम पुसताना रुमालाखाली उजवा डोळा झाकला गेला आणि सगळ्या रेघा सरळ झाल्या.
तेव्हाच बोलायला हवं होतं.
त्याने बिलाच्या टेबलावरची स्टीलची पट्टी आणून स्क्रीनवर रेघेला लावली. "सरळ आहे ना, सर?"
मी म्हणालो, "तुझी पट्टी वाकडी असेल."
त्याने पट्टी डोळ्यासमोर धरून खरंच तपासली. माझ्यासाठी. मग कॉफी मागवली.
मी ती प्यायलोसुद्धा.

मंगळवार, ११
उजव्याने खिडकीचे गज पाहिले. वाकडे. बाथरूमच्या फरशा, त्याही.
वै. : "झालं का मॉनिटरचं?"
"झालं."

गुरुवार, १३
अभिप्राय काढला. त्या जागी 'मॉनिटर निर्दोष होता, चूक माझी' एवढं लिहायला सकाळ गेली. तीन परिच्छेद अर्ध्या तासात झाले होते.
मंजुनाथचा मेसेज : "थँक्यू सर. डोळे एकदा दाखवा." म्हणजे त्याला त्या दिवशीच कळलं होतं. पट्टी तपासत होता तेव्हाच.
डॉक्टरांचा नंबर काढून ठेवलाय. लावलेला नाही.
उजव्या डोळ्याने मधलं दिसत नाही. अप्पांचं असंच सुरू झालं होतं, पुढे दुसराही गेला. मला वाचण्याखेरीज दुसरं काही येत नाही. वैदेहीला अजून सांगितलेलं नाही.