सुईवरून गोळीवर

४ तारीख, सोमवार
सुई बंद! वखारीच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "सूज उतरलीय, आता सात दिवस गोळ्या." खिळ्याने फाडलेली टाच तीन दिवस शिरेतल्या औषधाने कुठे निवायला लागली होती. सुई म्हणजे थेट रक्तात. गोळी पोटात जाणार, विरघळणार, आतड्यातून झिरपणार — टाचेपर्यंत पोचणार कधी? रांगत रांगत? मी पडलो फिरस्ता, मला कोण विचारतंय!
त्याच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे. किती ती बेटं! गोळ्यांचा कागद हातात देत तो आणखी काहीतरी बडबडत होता. माझं लक्ष बेटांवर.

६ तारीख
गोळीने पोटात आग. प्रत्येक गोळीवर पेलाभर दूध रिचवतो.

८ तारीख
टाच पुन्हा लालबुंद. ठणका गुडघ्यापर्यंत. करवतीवरचे काका म्हणाले, "पाय जाईल रे बाबा." चालण्याखेरीज मला येतं काय! पाय गेला तर त्या कंपाउंडरला सुखाने जगू देणार नाही.

९ तारीख
वखारीच्या मालकाला सांगितलं — हा कंपाउंडर इंजेक्शनं बाहेर विकतो, गोळ्या म्हणून मला खडू चारतो. पाहिलेलं काही नाही. पण गळा काढून बोललो. मालकाने त्याला तिथल्या तिथे दवाखान्याच्या किल्ल्या ठेवायला लावल्या, कामावरून काढलं. काय गार वाटलं जिवाला!

११ तारीख
मोठ्या इस्पितळात. पुन्हा सुई. सिस्टरने विचारलं, "गोळी कशाबरोबर घेत होतास?" दूध म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. "अरे राजा, ही गोळी पाण्याबरोबर घेतली की जवळजवळ सुईइतकीच रक्तात उतरते. दुधातलं कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतं. कुणी सांगितलं नाही?"
"नाही," म्हणालो.
तिने माझा गोळ्यांचा कागद उलटला. मागे कंपाउंडरचं अक्षर — 'दूध नाही'. खाली दोन रेघा.
तरी राग जाईना. आता काढू कुणावर?

१४ तारीख
पाय वाचला. बसथांब्यावर कंपाउंडर दिसला, ट्रंक घेऊन. तो शिव्या घालणार म्हणून मी मूठ आवळली. त्याने ट्रंक पुढे सरकवली. "टेकव पाय." उकिडवा बसला, पट्टी सोडली, टाच दाबून पाहिली.
"सुकतंय."
बस आली. तो चढला. बस सुटल्यावर मी मूठ सोडली.