रेखाची भूक

मंगळवार, संध्याकाळ. नेकनूर.

आज धाकट्या बहिणीला, रेखाला, बीडला दवाखान्यात नेलं. डोक्यातून ते कुलूप जात नाही. रेखा चोरून खाते म्हणत तिच्या सासूनं भाकरी ठेवायच्या कपाटालाच कुलूप लावलंय. लग्नापासून पोरगी अर्ध्या भाकरीवर राहते, तरी वजन वाढतंच.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "माणसाच्या आतड्यात असंख्य जिवाणू असतात, प्रत्येकाचे वेगळे. एकाच भाकरीतून कुणाचं शरीर जास्त ताकद काढून घेतं, कुणाचं कमी. त्यात या जिवाणूंचाही हात असतो. तेवढंच कारण नसतं, बाकी तपासण्याही करू. पण उपाशी राहू नका. आणि तुम्ही खोटं बोलताय असं मला वाटत नाही."

रेखा रडायलाच लागली. "आक्का, मला वाटायचं, म्या झोपंत उठून खाते का काय."

कुलूप लावलेल्या कपाटातून?

बाहेर येऊन तिच्या सासूला फोन केला, सगळं समजावून सांगितलं. त्या हसल्या. "आता जिवाणूच्या नावानं खाणार व्हय? लई शिकवलं बाई डॉक्टरनं."

रेखानं ऐकलं असेल का? ऐकलंच असणार. शेजारीच उभी होती.

स्टँडवर तिला दोन केळी घेऊन दिली. खा म्हटलं. तिनं आधी आजूबाजूला पाहिलं. मग पाठ फिरवली, पदर तोंडावर ओढला आणि भरभर खाल्ली. माझ्यापुढंसुद्धा. मी तिची सख्खी बहीण.