तुझ्या दाजींचं दुसरं नाक

प्रिय इप्पुनला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

मी ओकबुन. आठवते ना? मागच्या पत्राचं उत्तर तू लिहिलंस, पाकीट चिकटवलंस आणि किमचीच्या फ्रिजमध्ये ठेवून दिलंस, असं तुझ्या सुनेकडून कळलं. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तसेच, डोकं मात्र फिरलंय. फोनवर तुला ऐकू येत नाही, सगळ्या गल्लीला येतं, म्हणून लिहवून घेते. लिहितोय तुझा भाचा तेसिक, ज्याच्यामुळे डोकं फिरलं तोच. (गाळू नकोस रे, लिही: तोच. मला अक्षर येत नाही, पण पेन चालतं की थांबतं ते ऐकू येतं.)

तुझ्या दाजींचा कागदी फोटो अकरा वर्षं छुसॉकच्या सणाला सकाळी पितरांच्या पानामागे उभा असायचा. यंदा हे चिरंजीव पाजूला नोकरी करतात त्या कारखान्यातून टीव्हीसारखा एक पडदा घेऊन आले. म्हणे चष्मा न लावता त्यात माणूस खोल दिसतो, हात लावावा इतका बाहेर येतो. त्यात उतरवायला चिरंजिवांनी फोटो चौकटीतून ओढला. तो काचेला चिकटलेला. हनुवटीपासून कपाळापर्यंत टराटरा फाटला. वर मला म्हणतो, "आई, आता त्याची गरज नाही." गरज कोणाला नाही ते तू कोण ठरवणार, गाढवा? (हेही लिही.) मला माझा फोटो हवाय, इप्पुन, आणि तो आता कोणी जोडून देऊ शकत नाही.

पुढचं ऐक. हा पडदा बघणाऱ्याचे डोळे शोधतो, आणि तेही मधोमध उभ्या असलेल्या एकाचेच. बाकीच्यांनी काय बघायचं? आमचे धाकटे दीर उजवीकडे उभे होते. ते भर पूजेत ओरडले, "वहिनी, दादाला दोन नाकं आहेत!" माझी सून म्हणाली, काकाजी, जरा मधे सरका. पण मधली जागा थोरल्या मुलाची, आणि हा हलेना. मग दिरांनी नवं काढलं: तोंडं दोन दिसताहेत, मग दादाच्या पानातल्या भातात चमचा एकच कसा खोचला? दुसरा चमचा आणायचा की नाही यावर सूप गार होईतो भांडण. शेवटी सगळे नमस्काराला वाकलो. डोळे खाली गेले, पडद्याला एकही डोळा सापडेना, तो विझला. मान वर केली तर समोर काळी काच. "गेला! चमचा मिळाला नाही म्हणून रागावून गेला!" म्हणत दीर रडायलाच लागले.

यावर या हुशार माणसानं काय तोडगा काढावा? "आई, तू वाकू नकोस. मधे उभी राहून बघत राहा, म्हणजे बाबा चालू राहतील." एकेचाळीस वर्षं ज्याचा संसार केला त्याला नमस्कार न करता मी दिव्याच्या खांबासारखी उभी, आणि बाकी सगळे पालथे! मग एकेकानं मधे येऊन बघितलं. "आले, आले!" करत दिरांनी दादाच्या कोटाचं बटण चाचपलं, सुनेनं तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला. तेसिक म्हणाला, "आई, तुला दिसले ना बाहेर आलेले?" मी हो म्हणाले.

तुझी संतापलेली,
ओकबुन

ता. क. हो म्हणाले ते खोटं. डाव्या डोळ्यानं मला दोन वर्षं दिसत नाही. कोणाला सांगितलं नाही, नाहीतर सुरी आणि शेगडी दोन्ही काढून घेतील. हा पडदा दोन डोळेवाल्यांसाठी आहे, एका डोळ्याला नुसतं काचेवरचं सपाट चित्र. सगळ्यांना ते भेटले, मलाच नाही. कागदावर ते सगळ्यांना सारखेच दिसायचे. (थांबलास का? लिही.)

आणखी ता. क. तुझ्या लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत हे उभे आहेत, गालात तांदळाचा केक कोंबून. तुझे डोळे मिटलेत म्हणून तू तो दडवून ठेवलायस. तो पाठव. पाकीट फ्रिजमध्ये नको, टपालात टाक.

सोबत मसाल्यात मुरवलेले खेकडे पाठव. माद्याच, गाबोळीनं भरलेल्या, आणि मिरची दुप्पट घाल. तेसिक मघापासून नाक ओढतोय, त्याला काही निमित्त तरी होईल.