तिच्या बाकाची ओळ

नाशिक, २२ नोव्हेंबर २००३

शाळेत सगळा वर्ग एकदम कविता म्हणायचा, जो तो आपली ओळ, तो गलका आज सारखा कानात घुमतोय. गुरुजींची स्वतःची कविता, छापील कुठेच नाही. त्यांनी एकेका बाकाला एकेक ओळ वाटून दिली आणि कविता एका दुपारीत तयार! पण आपल्या बाकाची सोडून कुणाला धड काही आलं नाही.

कुमुद त्याच वर्गातली, पुढे माझी बायको. जाण्याआधी तिने संगणकात स्वतःचा आवाज भरून ठेवला, माझ्यासाठी. वर कुलूप. "किल्ली म्हणजे माझ्या बाकाची ओळ. वर्गात माझ्याकडेच बघत होतात ना, मग येत असेल!" बघत होतो गं. ऐकत कुठे होतो?

संगणक शिकवणारी शेजारची नीता आज म्हणाली, "अण्णा, हे कपाटाचं कुलूप नाही फोडायला. त्या ओळीने आवाजाचा कण न् कण ढवळून टाकलाय. तीच ओळ जशीच्या तशी घातली, तरच पुन्हा जुळेल."

"खूप संगणकांना काम वाटून दिलं तर? आमच्या बाकांसारखं?"

"हजार लावले तरी तुमचं-माझं आयुष्य पुरायचं नाही."

तिच्या बाकाची ओळ. चंद्र होता का त्यात?

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. काठी टेकत मंदा उभी. कुमुदच्याच बाकावरची, लग्न होऊन देवळ्याला गेली, ती आज दिसली. "कुमुद गेली म्हणे? मला आत्ता कळलं रे," म्हणत दारातच रडू लागली.

आधी आत घ्यायला हवं होतं तिला. मी ओळ विचारली.