अडीचशेचा कप

अमरावती,
एप्रिल अखेर

प्रिय माया,

वहिनी म्हणत नाही. धम्मदीपदादाशी तुझं लग्न ठरायच्या आधीपासून तू माझी मैत्रीण आहेस आणि आज मला मैत्रिणीशीच भांडायचं आहे. फोनवर मी ओरडले असते, तू फोन ठेवून दिला असतास, म्हणून लिहिते आहे.

भीमजयंतीच्या केकचं प्रमाण मी तुला ग्रॅममध्ये पाठवलं होतं. मैदा पाचशे ग्रॅम. वजनकाट्याचा सेल गेला होता, तर नवा आणायचा होता. अकोल्यात काय सेल मिळत नाहीत? पण नाही! कपावर अडीचशे लिहिलंय ना, मग दोन कप म्हणजे पाचशे, असं तुझं गणित. अगं, ते अडीचशे मिलिलिटर. पाणी तेवढं भरतं. मैदा भरतो जेमतेम सव्वाशे-एकशेतीस, म्हणजे चार कप लागले असते. एका पोत्यात ज्वारी भरली आणि दुसऱ्यात कापूस, तर वजन सारखं येतं का? वऱ्हाडात जन्मलेल्या बाईला हे मी सांगायचं?

तेल, साखर, अंडी बहुतेक बरोबर आणि मैदा निम्मा. मग केक मधोमध बसणार नाही तर काय!

त्याचा मला राग नाही. माझेही केक बसतात. राग पुढच्याचा आहे. इथे असताना दरवर्षी विहारातला केक आईच करायची. मी वजन करून द्यायची, बाकी सगळं तिचं. अकोल्याला तुमच्याकडे राहायला गेल्यावर हा तिचा पहिलाच केक. पीठ घोटताना तिने तुला विचारलंसुद्धा, "माया, मैदा कमी वाटून राह्यला वं मले." तिचा हात बरोबर सांगत होता. तू म्हणालीस, "आई, मी मोजलंय, तुम्ही घाला." तिने घातला, कारण सुनेवर तिचा विश्वास आहे.

आणि विहारात बायांनी विचारलं, भागीरथाबाईंचा केक कुठाय, तेव्हा बेकरीतून आणलेल्या केकवर सुरी ठेवत तू हसत म्हणालीस, "आईंचं वय झालं, प्रमाण विसरतात आता." आई तिथेच उभी होती, माया. पांढरं लुगडं नेसून, तुझ्या शेजारी. तुझी जीभ तरी कशी रेटली?

दोन दिवसांनी कपाचा घोळ तूच मला फोनवर सांगितलास, वर म्हणालीस, "आईंना नको सांगू, उगाच माझी शोभा." तुझी शोभा! आणि तिची झाली ती?

तेव्हापासून ती भाजीत मीठ टाकायला तुला विचारते म्हणे. दादा सांगत होता, विसरभोळेपणासाठी तिला डॉक्टरकडे न्यायचं चाललंय. तुमच्या घरात एवढी शहाणी माणसं, आणि तू मात्र सगळं माहीत असून गप्प!

मी तिला खरं सांगून पाहिलं. तुझी शोभा सांभाळायची मला गरज वाटली नाही. ती म्हणाली, "तू लेक हायेस, मले बरं वाटावं म्हनून म्हनून राह्यली." लेकीचं तिला पटत नाही. तुझंच पटेल, म्हणून हे पत्र. दादासमोर, आणि ज्या बायांसमोर हसलीस त्यांच्यासमोर, आईला सांग की चूक तुझी होती. कप भरून दाखव, वजन करून दाखव, काय हवं ते कर, पण सांग. बुद्धपौर्णिमेला मी येते आहे. तोवर सांगितलं नसशील, तर विहारात मी बोलेन, आणि मी कशी बोलते ते तुला ठाऊक आहे.

आज सकाळी आईचा फोन आला होता. म्हणाली, "मी घरच्यायची नावं म्हनून पाहून राह्यली. तू आयक, चुकलं तं सांग." आणि शाळेतल्या पोरीसारखी एकेक नाव घेत गेली. शेवटी विचारलं, "बरोबर हाये ना वं?" सगळी बरोबर होती, माया. पहिलं नाव तिने तुझं घेतलं.

अजून तरी तुझीच,
रश्मी