शेळीची टोपली

भवानी पेठ, मंगळवार, नोव्हेंबर १९७४

मावशीबरोबर चटणीसाठी शेंगदाणे निवडले. बुरशीचे हिरवट दाणे नेहमीसारखे शेळीच्या टोपलीत. पण सकाळी बाजारात शेतकीचे साहेब सांगत होते, बुरशीचं विष भाजून जात नाही, दाणे निवडून फेकायचे. मग शेळीला चालतात का? दुधात उतरतं का? विचारणारच होतो, पण त्यांची फटफटी बघत राहिलो आणि ते गेले.

दूध शेजारच्या हातमागवाल्याच्या तान्ह्या पोरीला जातं.

मावशीला हे सांगितलं, तर म्हणाली, "शेळीला काय हुतंय रं? जल्मभर घालतोय की."

असेल. तरी टोपली माझ्या खाटेखाली ठेवलीय. शेळी ओरडतेय. पण कालपर्यंतचं तिनं खाल्लंय. उद्याचं दूध पाजू नका, हे त्या आईला कशाच्या जोरावर सांगू?