उशी कुठल्या बाजूला

प्रिय मेघा,

फोनवर "बरं बाबा, बरं बाबा" म्हणून तू माझं बोलणं आवरतं घेतेस, म्हणून आज लिहायलाच बसलो. जुनी मिनीबस घेऊन मी तिचं घर करायला काढलं, तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. आता हस! आत पलंग आहे, ओटा आहे, मागच्या पेटीत जनरेटर आहे. तुझ्या आईचं ऑक्सिजनचं यंत्र त्यावर न थांबता चाललं, तरच डॉक्टर तिला लांबच्या प्रवासाला सोडणार. नाहीतर तिची दुनिया आपल्या एकोडी गावातच संपली.

तपासून बघताना घरच्या विजेच्या लाइनीचा मोह नको, म्हणून गाडी तलावाच्या पाळीजवळ नेऊन उभी केली. अंगणात गुणी पोरासारखा चालणारा जनरेटर तिथे थोड्याच वेळात बंद! आईला छोट्या सिलिंडरवर ठेवलं आणि मी कामाला लागलो. डिझेल भरपूर, फिल्टर स्वच्छ, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खरवडली, भार कमी व्हावा म्हणून गाडीतला पंखासुद्धा काढून टाकला. चालू केला की चाले, पुन्हा बंद. सलग तीन संध्याकाळी हेच. खरं सांगतो पोरी, मला रडू आलं. एवढा खटाटोप करून तिला फक्त आशाच दाखवली, असं वाटलं.

शेवटी तुझी आईच ओट्यावरच्या पातेल्यात डोकावून म्हणाली, "अवो, गंजातलं वरण एका बाजूले गोया होऊन राहिलं. तुमच्या जनरेटरातलं तेल काय सरळ उभं राहीन?"

गाडी तिरपी होती! इंजिनचं तेल एका बाजूला सरकायचं, तेल संपलं असं समजून जनरेटर स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. आणि गाडी तिरपी का? तर सपाट जागेवर उभी केली की पलंगाची उशी उत्तरेला येई. पहिल्याच दिवशी आई कडाडली होती, "उत्तरेले डोकं करून कोणाले निजवतेत? मी मेली का जी?" म्हणून मी गाडी वळवून पुढची चाकं पाळीवर चढवली होती. मग गाडी सपाटीवर आणली आणि उशी पलंगाच्या पायथ्याला ठेवली, म्हणजे डोकं दक्षिणेला. एवढंच! कालपासून यंत्र एकदाही थांबलं नाही. डॉक्टरही हो म्हणाले.

आता मूळ गोष्ट. आईसाठी हैदराबादची नोकरी सोडून तू गावी येणार आहेस, हे सचिनने मला सांगितलं. त्याच्यावर चिडू नकोस, तुझ्या भावाच्या पोटात काही राहत नाही. आईला अजून कळू दिलेलं नाही. राजीनामा दिला नसशील तर देऊ नकोस, दिला असशील तर परत घे. आम्ही दोघं गाडी घेऊन तुझ्याकडे येतो, तुझ्या दारात राहतो. तिला दम लागला तर यंत्र आहे. आपल्यापायी मेघा घरी बसली, हे कळल्यावर तिला जे होईल, त्यावर माझ्याकडे काही इलाज नाही.

तुझाच,
बाबा